मुक्या जनावराचे कर्म आणि आपले

कुही तालुक्याचा काही भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात येतो. जंगलाला लागून धान, तूर, सोयाबीन आणि मिरचीची वावरे आहेत. रात्री रानडुकरांचे कळप उतरतात, रोही उभ्या तुरीत शिरतात आणि जागल करून थकलेला एखादा कास्तकार कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. ‘जय’ या प्रसिद्ध वाघाचा बच्चा ‘श्रीनिवास’ याच अभयारण्यातला. २०१७ च्या एप्रिलमध्ये तो शेजारच्या नागभीड भागात अशाच तारेला चिकटून मेला. तार डुकरासाठी होती, मेला वाघ. वाघाची निदान बातमी झाली. त्याच तारांना चिकटून डुकरे, रोही, गावातली कुत्री आणि कधी कधी माणसेही मरतात, त्यांची फारशी होत नाही.

अशा मरणावर आपल्याकडे एक वाक्य ठरलेले आहे: ज्याचे त्याचे भोग. माणूस मेला तरी हे म्हणतात आणि जनावर मेले तरी म्हणतात. त्यामागे मोठा विचार उभा आहे. चौऱ्यांशी लक्ष योनी, त्यांतून फिरणारा जीव, पाप वाढले की खालच्या योनीत उतरणारा आणि पुण्य साठले की माणसाच्या जन्माला येणारा. पुराणातल्या हिशेबात जलचर नऊ लक्ष, स्थावर वीस, कृमी अकरा, पक्षी दहा, पशू तीस आणि मनुष्य चार लक्ष. म्हणजे आपण ऐंशी लक्ष योनींचे सोयरे आहोत. हे मनापासून मानणाऱ्या समाजात जनावराला सगळ्यांत जास्त माया मिळायला हवी होती. ती मिळाली का, आणि मिळाली नसेल तर दोष विचाराचा की तो वापरणाऱ्यांचा, हे पाहण्यासाठी हा आढावा आहे.

माझे मत आधीच सांगतो. कर्माचा विचार दोन दिशांनी चालतो. ‘मी आता जे करतो आहे त्याचे ओझे माझ्यावर आहे,’ ही एक दिशा. ‘समोरचा जे सोसतो आहे ते त्यानेच ओढवून घेतले आहे,’ ही दुसरी. पहिल्या दिशेने माणूस सावध होतो, दुसऱ्या दिशेने निबर होतो. आपल्या परंपरांमध्ये दोन्ही आहेत, आणि पूर्व विदर्भात त्या दोन्हींचे पुरावे कुठेकुठे दगडावर कोरलेले सापडतात.

आधी तत्त्वज्ञांकडे जाऊ. डुकरासाठी लावलेल्या तारेने वाघ मेला तर पाप कुणाचे आणि किती? बौद्ध उत्तर असे की कर्म म्हणजे चेतना, म्हणजे मनातला हेतू. वाघाला मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून ते कर्म वाघाच्या हत्येचे ठरत नाही. डुकराच्या हत्येच्या हेतूचे मात्र ठरते. जैन उत्तर अधिक कडक आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिच्या केंद्रस्थानी प्रमाद आहे. बेसावधपणाने प्राण घेतला तर ती हिंसाच, ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब चालत नाही. जैनांच्या लेखी कर्म हे सूक्ष्म द्रव्य असते आणि ते प्रत्यक्ष जीवाला चिकटते. म्हणून पाऊल टाकतानाही खाली पाहायचे. वीज सोडलेली तार रात्रभर उघडी ठेवणे हे या व्याख्येत सरळ बसते, आणि मला हेच उत्तर जास्त पटते. आज सौरकुंपण मिळते, त्याच्या झटक्याने जनावर पळते, मरत नाही. राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदानही आहे. दुसरा मार्ग असताना पहिला निवडणे याला प्रमादच म्हणायचे. मात्र अनुदान हाती पडेपर्यंतचा हंगाम त्या कास्तकाराने कसा राखायचा, हेही प्रमाद मोजणाऱ्याने विचारले पाहिजे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दोन्ही दिशा शेजारीशेजारी आहेत. एका ठिकाणी मारलेल्या प्राण्याच्या पापाचे वाटेकरी आठ सांगितले आहेत: संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. हा विलक्षण आधुनिक विचार आहे. पुरवठ्याची सगळी साखळी त्यात धरली आहे आणि ताटावर बसलेल्यालाही सोडलेले नाही. पण त्याच अध्यायात, थोडे आधी, यज्ञातला वध हा वध नव्हे असेही म्हटले आहे, आणि यज्ञात मेलेला पशू वरच्या जन्माला जातो असेही. पुनर्जन्म इथे सुरीच्या मदतीला आला. चार्वाकांनी यावर जो प्रश्न विचारला त्याला आजवर उत्तर नाही: बळी दिलेला पशू स्वर्गाला जात असेल तर यजमान आपल्या बापालाच का पाठवत नाही?

हा वाद आपल्या भागात शिळेवर पाहायला मिळतो. नागभीड तालुक्यात देवटेक नावाचे गाव आहे. तिथल्या एका शिळेवर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा ब्राह्मी लेख आहे. प्राण्यांना पकडू नये, मारू नये, अशी आज्ञा त्यात आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो अशोकाच्या काळातला, त्याच्या धर्ममहामात्राने कोरवलेला मानला. पुढे सुमारे सहाशे वर्षांनी त्याच शिळेवर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरवला आणि जुन्या लेखाची काही अक्षरे त्यात गेली. कुही तालुक्यातल्या मांढळला वाकाटकांचे ताम्रपट सापडले आहेत. या घराण्याचे ताम्रपट सुरू होतात ते पहिल्या प्रवरसेनाने केलेल्या यज्ञांच्या मालिकेने: अग्निष्टोम, आप्तोर्याम, वाजपेय आणि चार अश्वमेध. ते पुढे वाचत गेले की दान दिलेल्या गावाला मिळणाऱ्या सवलती येतात. सरकारी माणसांना गाय-बैल, दूध, बसायला कातडी, कोळसा देण्यातून त्या गावाची सुटका केलेली असते. राजाच्या पुण्याची पाने लिहिली जात होती तेव्हा गावोगावच्या गोठ्यांतून काय उचलले जात होते, ते या सवलतींवरून कळते.

अशोकाची आज्ञा, वाकाटकांचे यज्ञ आणि नंतर आलेले संत हे एकमेकांना पुसत आलेले थर नाहीत, ते आजही एकत्र नांदतात. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी या प्रांतात अहिंसा ज्या हट्टाने सांगितली तशी फार थोड्यांनी सांगितली. त्यांच्या अनुयायांत भंडाऱ्याचे निळभट भांडारेकार होते. लीळाचरित्रातली सशाची लीळा पुष्कळांना माहीत असते. पारध्यांनी पिटाळलेला ससा येऊन स्वामींच्या गुडघ्याखाली लपला, मागून कुत्री आणि पारधी आले आणि ससा मागू लागले. शरण आलेल्याला देणार नाही, असे स्वामींनी सांगितले. ते गेल्यावर गुडघा उचलून सशाला वाट मोकळी करून दिली. महानुभाव पंथाला कर्मफळ आणि योनींचे फेरे पुरेपूर मान्य आहेत. तरीही या प्रसंगात सशाच्या मागच्या जन्माची चौकशी नाही. तो शरण आला एवढेच पुरले. मला वाटते, कर्मसिद्धान्त मानणाऱ्याने जनावराशी कसे वागावे याचा आपल्या भाषेतला सर्वांत स्वच्छ नमुना हा आहे.

वारकऱ्यांकडे आणखी एक गोष्ट घडली. तिथे कर्माच्या जागी एकपणा आला. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्याच्या मुखाने वेद वदवले, ही कथा चमत्कार म्हणून सांगितली जाते. तिचा दुसरा भाग, रेड्याला मारलेल्या कोरड्याचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले हा, मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एकनाथांनी काशीहून आणलेल्या कावडीतले पाणी तहानलेल्या गाढवाला पाजले. नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. यांतल्या कुणीही ‘हे गाढव मागच्या जन्मी कोण होते’ असे विचारले नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन आहे. त्यात ज्ञानदेव पावसासाठी पशुयाग सांगणाऱ्या मीमांसकांना सोडत नाहीत आणि एका जीवाला वाचवायला दुसऱ्या जीवाला, झाडालासुद्धा, दुखावणाऱ्या आयुर्वेदालाही सोडत नाहीत. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मराठीत औषधासाठी होणाऱ्या हिंसेचा प्रश्न उभा केलेला आहे, हे आज प्राण्यांवरच्या औषध-चाचण्यांची चर्चा करणाऱ्यांना फारसे ठाऊक नसते.

एकपणाच्या या विचाराचे एक उगमस्थान कुही तालुका आपले म्हणून सांगतो. पाच नद्यांच्या संगमावरच्या अंभोऱ्याला, चैतन्येश्वराच्या टेकडीवर, मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहिला अशी इथली परंपरा आहे. त्यांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधीही तिथे दाखवतात. अंबेजोगाईकरांचा दावा वेगळा आहे आणि तो वाद मिटलेला नाही. अद्वैत पुरते मानले तर मारणारा, मरणारा आणि पाहणारा एकच ठरतात. या विचाराने करुणेला पाया मिळतो, पण एक पळवाटही मिळते: सगळे मायाच असेल तर मेले कोण? संतांनी ही पळवाट घेतली नाही, पंडितांनी पुष्कळदा घेतली.

कीर्तनात जडभरताची कथा नेहमी येते. राजा भरताने नदीत पडलेले हरिणीचे पाडस वाचवले, त्यात त्याचा जीव गुंतला, मरताना त्याचेच ध्यान राहिले म्हणून तो हरीण होऊन जन्मला. आसक्तीचा धोका सांगायला ही कथा वापरतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात राहते ते एवढेच की जनावरावर फार जीव लावू नये. पण कथेत पाडस उचलल्याबद्दल कुणी भरताला दोष दिलेला नाही. पाडस बुडू दिले असते तर तो मुक्त झाला असता, असे भागवत म्हणत नाही.

आता दुसऱ्या दिशेकडे. तिचा सर्वांत मोठा हिशेब जनावरांनी नाही, माणसांनी चुकवला. चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात, आपण मागच्या जन्मी कृष्णाची निंदा केली म्हणून महाराच्या घरी जन्मलो, असा भाव आहे. ज्याला देवळाबाहेर ठेवले त्याच्याच तोंडी त्याच्या शिक्षेचे कारण घातले गेले. त्यांचा मुलगा कर्ममेळा याने मात्र देवालाच जाब विचारला. मेलेली जनावरे ओढायची, कातडी सोलायची, वर त्याच कामासाठी विटाळ मानायचा आणि तो विटाळ मागच्या जन्मीच्या पापाचा म्हणायचा, अशी ही व्यवस्था होती. मनूच्या आठ वाटेकऱ्यांपैकी कापणाऱ्यावर सगळे पाप टाकून बाकीचे सात मोकळे झाले. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले ते या व्यवस्थेतून बाहेर पडण्यासाठी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी कर्म आणि पुनर्जन्माचा प्रश्न मुळापासून तपासला. बुद्धाने आत्मा नाकारला, मग जुन्या जन्माचे कर्म नव्या जन्माला कोण नेणार? मागच्या जन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य ठरते, या कल्पनेचा एकच उपयोग त्यांना दिसला: दुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकून टाकणे. अहिंसेबद्दलही त्यांचे म्हणणे कोरडे नियम सांगणारे नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला आणि अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे मांडले. धम्मात सजीवांवरची करुणा राहिली आणि मागच्या जन्माचा हिशेब गेला. कुही परिसरात ही परंपरा घराघरांत आहे. करुणेसाठी पुनर्जन्माची गरज नसते, याचा पुरावा शोधायला दूर जायला नको.

बाबासाहेबांचा तो आक्षेप प्राण्यांनाही तंतोतंत लागू पडतो, असे मला वाटते. बैलाच्या खांद्याला झालेली जखम ही त्याच्या मागच्या जन्माची नाही, जुवाची आणि जू ठेवणाऱ्याची आहे.

‘ज्याचे त्याचे भोग’ या म्हणण्याची कसोटी १९२८ मध्ये साबरमती आश्रमात लागली. एक वासरू असाध्य दुखण्याने तडफडत होते. गांधीजींनी डॉक्टरकडून सुई टोचवून त्याला मरण दिले आणि ते उघडपणे लिहिले. देशभर संताप उसळला. टीकाकारांचा एक युक्तिवाद असा होता की त्या जीवाने आपले भोग भोगून संपवायला हवे होते. मध्ये पडणारे आपण कोण? माणसाच्या बाबतीतही हाच न्याय लावण्याची गांधीजींची तयारी होती. वासराला मारणे योग्य होते का, यावर आजही प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. पण ‘भोग संपू द्या’ हा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही. तो मानला तर जखमी जनावराला पाणी पाजणेही त्याच्या कर्मात ढवळाढवळ ठरेल.

कर्म न मानता जनावरावर जीव लावणारेही आपल्यात कमी नाहीत. १८३२ मध्ये मुंबई सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा दंगल केली ती पारशांनी. त्यांच्या धर्मात योनींचे फेरे नाहीत, पण कुत्रा पवित्र आहे. त्यानंतर दोन वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईची पांजरपोळ उभी केली, एक पारशी आणि दुसरा जैन. गोंडांमध्ये गोत्राला देवक असते. प्रत्येक गोत्राने ठरावीक प्राणी, पक्षी आणि झाड राखायचे, असे मोतीरावण कंगालींसारख्या अभ्यासकांनी मांडले आहे. ही माया नात्याची आहे, पापपुण्याच्या वहीतली नाही. गाडगेबाबांनी जत्रेतल्या बकऱ्याच्या बळीविरुद्ध आयुष्यभर कीर्तने केली आणि त्यांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय आहे. बकऱ्याचा पुढचा जन्म त्यांनी काढला नाही.

पुनर्जन्म खरा की खोटा, यावर इथे थोडक्यात एवढेच. १९७० च्या दशकात नागपुरातल्या एक मराठी बाई अधूनमधून बंगाली बोलू लागल्या आणि स्वतःला जुन्या काळातली बंगाली स्त्री म्हणवू लागल्या. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या इयान स्टीव्हन्सन यांनी या घटनेचा अभ्यास केला. तो सर्वांना पटलेला नाही. पटला तरी त्यातून जनावराबद्दल काहीच निघत नाही. ग्रीसमध्ये पायथॅगोरसबद्दल अशी कथा सांगत की मार खाणाऱ्या कुत्र्याच्या ओरडण्यात त्याला मेलेल्या मित्राचा आवाज ऐकू आला, म्हणून त्याने मारणाऱ्याला थांबवले. मित्र नसता तर? बेंथमने १७८९ मध्ये आणि पीटर सिंगरने १९७५ मध्ये हाच प्रश्न सोडवला: त्याला वेदना होते, एवढे पुरे.

मग आपली रोजची वागणूक. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होते. बैलाचा वर्षभर घासलेला खांदा हळद-तुपाने शेकतात, त्याला जेवणाचे आवतण देतात. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या होतात. खांदशेकणीत मला एक कबुली दिसते: हा खांदा आमच्यामुळे दुखला. ती खरी आहे, आणि तुतारीची आर वर्षभर टोचली गेली हेही खरे आहे. भंडारा, पवनी, नागभीडचा कोसा सोवळ्यात चालतो. त्याचा धागा आतला जीव उष्णतेने मारल्याशिवाय अखंड निघत नाही. वैनगंगेवरचा ढिवर मासे धरतो म्हणून त्याला हिंसक म्हणायचे आणि कोसा नेसून पूजा करायची, हे कोणत्याच कर्मसिद्धान्तात बसत नाही.

कायद्याचीही हीच विस्कळीत अवस्था आहे. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड ठेवला, आणि अठ्ठाविसाव्या कलमाने धर्माला आवश्यक अशा पद्धतीने केलेला वध गुन्ह्यातून वगळला. शंकरपटाचे उदाहरण घ्या. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या आणि प्राण्याला स्वतःचे मोल आहे असे म्हटले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती कायम केली, प्राण्यांना मूलभूत हक्क देण्याचे मात्र नाकारले. पूर्व विदर्भातल्या पटावर आज गर्दी असते. जोडी जिवापाड जपणारे मालक मी पाहिले आहेत, आणि शेपटी पिरगाळणारेही.

सर्वांत अवघड प्रश्न म्हाताऱ्या बैलाचा. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्याने गाय वाचवली होती, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंदी कायम ठेवली. विकायचा मार्ग बंद झाला, पण वैरणीची सोय झाली नाही. गोहत्येला पाप म्हणणारा आणि बैलाला उपाशी सोडणारा, असे एकाच माणसाला दोन्ही व्हावे लागले. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता, २०१९ मध्ये तो १ कोटी ४० लाखांवर आला. एकट्या बंदीने हे घडले असे म्हणता येणार नाही; ट्रॅक्टर आला, चराई आटली. पण बंदीने गोधन वाढले नाही हे दिसतेच. नागपूर-वर्ध्याकडची गवळाऊ जात कमी होत चालली आहे.

दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांनीही हे ऐकायला हवे. संकरित गायीचा गोऱ्हा नांगराला चालत नाही आणि त्याला कुणी घेत नाही. मनूच्या आठ वाटेकऱ्यांत दूध पिणारा नाही; त्या काळी गोऱ्हा वाढून बैल होत असे. आता लिंगनिर्धारित रेतमात्रा आल्या आहेत. त्यांनी दहापैकी जवळपास नऊ वेळा कालवडच होते, आणि सरकार त्यांना अनुदान देते. पुढच्या गोऱ्ह्यांचा प्रश्न त्यांनी हलका होईल. आज कोठ्यात बांधलेल्या बैलाच्या वैरणीचा प्रश्न मात्र गावाच्या चराऊ जमिनीचा आहे, आणि कुही तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांची जमीन गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर ती चराई पुन्हा कुठे मिळावी, याचे उत्तर पुनर्वसनाच्या कागदांत शोधावे लागेल.